सिंत्रा

सिंत्रा हे पोर्तुगालमधील लिस्बन जिल्ह्यातील एक ऐतिहासिक नगर आणि त्याच नावाच्या नगरपालिका क्षेत्राचे मुख्य ठिकाण आहे. राजधानी लिस्बनच्या वायव्येस सुमारे २५ ते ३० किलोमीटर अंतरावर, सिंत्रा डोंगररांगेच्या उत्तर उतारावर ते वसले आहे. मध्ययुगीन राजवाडा, डोंगरमाथ्यावरील मूरांचा किल्ला, एकोणिसाव्या शतकातील पेना राजवाडा आणि मोन्सेराते येथील वनस्पतिसंपन्न उद्यान यांसाठी सिंत्रा प्रसिद्ध आहे. इ.स. १९९५ मध्ये युनेस्कोने सिंत्राचा ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून जागतिक वारसा यादीत समावेश केला. या वर्गात स्थान मिळवणारे ते युरोपातील पहिले ठिकाण होय. एखादी वास्तू किंवा एखादे उद्यान सुटे न घेता डोंगर, वने, बागा आणि इमारती यांच्या परस्परसंबंधाला येथे वारसा मानले गेले आहे.

सिंत्रा नगरपालिका क्षेत्र विस्तीर्ण असून त्याची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक आहे; लिस्बनची अनेक दाट वस्तीची उपनगरे त्यात मोडतात. पर्यटक ज्याला सिंत्रा म्हणून ओळखतात तो जुना गाव मात्र लहान आहे. काही अरुंद, चढउताराच्या गल्ल्या आणि त्यांच्या मधोमध राजवाडा एवढाच त्याचा विस्तार आहे. पोर्तुगीज प्रशासकीय व्यवस्थेत त्याला आजही ‘शहर’ नव्हे, तर ‘विला’, म्हणजे नगर, हाच दर्जा आहे.

नाव

मध्ययुगीन उल्लेखांत या गावाचे नाव ‘सुंत्रिया’ असे आढळते. विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या पोर्तुगीज लेखनसुधारणेपूर्वी नावाचे आद्याक्षर वेगळे लिहिले जाई; त्यामुळे जुन्या ग्रंथांत आणि नकाशांत हे नाव निराळ्या वर्णलेखनाने दिसते. प्राचीन लेखकांनी या डोंगराचा संबंध चंद्राशी जोडला होता. ‘चंद्राचा डोंगर’ हे त्याचे पर्यायी नाव आजही प्रचारात असून येथील उद्यानांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या नावातही ते आले आहे.

भौगोलिक स्थान आणि हवामान

सिंत्राची डोंगररांग ग्रॅनाइट खडकाची असून पूर्व-पश्चिम सुमारे दहा किलोमीटर पसरलेली आहे. ‘क्रूझ आल्ता’ (उंच क्रूस) हे तिचे सर्वोच्च शिखर ५२८ मीटर उंचीचे आहे. पश्चिमेस ही रांग अटलांटिक महासागरात शिरते. तेथील काबो दा रोका हे भूशिर युरोप खंडाच्या मुख्य भूमीचे सर्वांत पश्चिमेकडील टोक आहे. येथील कडा समुद्रसपाटीपासून सुमारे १४० मीटर उंच आहे.

सिंत्राच्या सौंदर्याचे कारण बऱ्याच अंशी या भूरचनेत आहे. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे डोंगराला अडतात, वर चढतात आणि थंड होतात. त्यामुळे लिस्बनमध्ये लख्ख ऊन असतानाही डोंगरमाथ्यावर धुके दाटलेले असू शकते. उन्हाळा कोरडा असणाऱ्या या प्रदेशात सिंत्रा थंड आणि दमट राहते. भिंतींवर शेवाळ, झाडांच्या बुंध्यांवर नेचे आणि सावलीत वाढणारी दाट झुडपे हे येथील नेहमीचे दृश्य आहे. राजांनी उन्हाळी निवासासाठी हे स्थान निवडले आणि पुढे दूरदेशीच्या वनस्पती येथे रुजल्या, त्या याच हवामानामुळे. डोंगर आणि लगतचा किनारा मिळून सिंत्रा-काश्काइश निसर्ग उद्यान झाले आहे. १९८१ मध्ये या प्रदेशाला प्रथम संरक्षण मिळाले व १९९४ मध्ये निसर्ग उद्यानाचा दर्जा देण्यात आला.

इतिहास

आठव्या शतकात इबेरियन द्वीपकल्पावर मुस्लिम सत्ता आल्यानंतर डोंगरमाथ्यावर किल्ला उभारला गेला. खालच्या वस्तीत राज्यकर्त्यांचे निवासस्थान होते. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो हेन्रिकेश याने लिस्बन जिंकले, तेव्हा सिंत्राने शरणागती पत्करली. ११५४ मध्ये राजाने गावाला सनद दिली. चौदाव्या शतकापासून राजघराण्याचा येथील वावर वाढत गेला आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांत सिंत्रा हे राजदरबाराचे आवडते उन्हाळी ठिकाण बनले.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी झालेल्या महाभूकंपाने लिस्बनप्रमाणे सिंत्राचेही मोठे नुकसान केले. त्या शतकाच्या अखेरीस श्रीमंत परदेशी व्यापारी आणि प्रवासी येथे राहू लागले. १८३४ मध्ये पोर्तुगालमधील धार्मिक संघ बरखास्त करण्यात आले व डोंगरातील मठ ओस पडले. या रिकाम्या मठांच्या आणि पडझड झालेल्या वाड्यांच्या जागी एकोणिसाव्या शतकात सिंत्राचे आजचे रूप घडले. १८८७ मध्ये लिस्बनहून लोहमार्ग आला आणि दरबारी मंडळींचे हे विश्रांतिस्थान मध्यमवर्गालाही खुले झाले. ५ ऑक्टोबर १९१० रोजी प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि राजवाडे राष्ट्राच्या मालकीची स्मारके बनले.

राष्ट्रीय राजवाडा

गावाच्या मध्यभागी असलेला हा राजवाडा पोर्तुगालमधील मध्ययुगीन राजवाड्यांपैकी सर्वांत चांगल्या स्थितीत टिकलेला मानला जातो. सुमारे ३३ मीटर उंचीची दोन पांढरी शंकाकृती धुराडी ही त्याची ओळख. ती मुदपाकखान्याची धुराडी असून खाली उभे राहून वर पाहिले असता तिचे निमुळते होत जाणारे पोकळ रूप दिसते.

राजवाड्याचा मुख्य भाग पहिला जुआंव (कारकीर्द १३८५–१४३३) याच्या काळातील आहे. त्यातील राजहंस दालनाच्या छतावर राजहंसांची चित्रे आहेत. मॅगपाय दालनाच्या छतावर शंभरांहून अधिक मॅगपाय पक्षी रंगवलेले असून प्रत्येकाच्या चोचीत ‘सद्हेतूने’ अशा अर्थाचे राजाचे बोधवाक्य आहे. एका मानकरणीचे चुंबन घेताना राणीने पाहिल्यावर राजाने हेच शब्द उच्चारले आणि दरबारात कुजबूज करणाऱ्या स्त्रियांना गप्प करण्यासाठी त्यांच्या संख्येइतके पक्षी छतावर रंगवून घेतले, अशी आख्यायिका सांगितली जाते.

पहिला मानुएल (कारकीर्द १४९५–१५२१) याने पूर्वेकडील भाग वाढवला. वास्को द गामा भारतात पोहोचला तो याच राजाच्या कारकीर्दीत. सागरी व्यापारातून आलेल्या संपत्तीच्या या काळात दोरखंड, वेली-पाने इत्यादी आकृतिबंधांनी नटलेली जी शैली बहरली तिला त्याच्याच नावावरून ‘मानुएलीन’ म्हणतात. या राजवाड्याच्या खिडक्यांत ती पाहावयास मिळते. मानुएलनेच घडवलेल्या कुलचिन्ह दालनाच्या घुमटाकार छतावर राजा, राजपुत्र आणि त्यांच्याखाली ७२ सरदार घराण्यांची चिन्हे क्रमाने मांडली आहेत. दालनाच्या भिंतींवरील निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या फरशा मात्र अठराव्या शतकातील असून त्यांवर शिकारीचे प्रसंग चितारले आहेत. पोर्तुगीज भाषेत अशा फरशांना ‘आझुलेजो’ म्हणतात. राजवाड्याच्या अन्य दालनांत सेव्हिल येथून आणलेल्या, भौमितिक नक्षीच्या जुन्या फरशांचा अत्यंत मौल्यवान संग्रह आहे.

या वास्तूत एका राजाचा बंदिवासही घडला. सहावा आफोन्सो याला धाकट्या भावाने सत्तेवरून दूर केले. प्रथम त्याला अझोर्स बेटांवरील तेर्सेइरा येथे आणि नंतर १६७४ पासून या राजवाड्यातील एका खोलीत ठेवण्यात आले. १६८३ मध्ये त्याचा येथेच मृत्यू झाला. त्याच्या सततच्या येरझाऱ्यांनी खोलीतील फरशी झिजली, असे परंपरेने सांगितले जाते.

पेना राजवाडा आणि उपवन

गावाच्या वर, डोंगराच्या एका शिखरावर पेना राजवाडा उभा आहे. या जागी पूर्वी हिएरोनिमाइट संघाचा मठ होता. राजा मानुएल याने सोळाव्या शतकाच्या आरंभी तो बांधविला. १७५५ च्या भूकंपात मठ मोडकळीस आला, पण त्याचे प्रार्थनामंदिर बचावले. त्यातील निकोलाउ शांतरेन या शिल्पकाराने अलाबास्टर दगडात कोरलेली वेदीमागील शिल्पाकृती आजही तेथेच आहे.

राणी दुसरी मारिया हिचा पती दुसरा फर्डिनांड हा जर्मन राजघराण्यातील, चित्रकलेची आणि संगीताची आवड असणारा राजपुत्र होता. त्याने १८३८ मध्ये पडीक मठ आणि भोवतीची जमीन विकत घेतली. मठाची डागडुजी करता करता त्याच्या मनात राजवाड्याची कल्पना आकारास आली आणि विल्हेल्म लुडविग फॉन एश्वेगे या जर्मन खाण अभियंत्याच्या साहाय्याने १८४० ते १८५५ या दरम्यान ती बहुतांशी पूर्ण झाली. मूळ मठाचा भाग तांबड्या आणि नवा भाग पिवळ्या रंगात असल्यामुळे जुने-नवे दुरूनही ओळखता येते. बुरूज, मिनारसदृश मनोरे, मूर धाटणीच्या कमानी आणि मानुएलीन नक्षी असे नाना शैलींचे मिश्रण येथे आहे. एका प्रवेशद्वारावर शिंपल्यात बसलेला ट्रायटन हा अर्धा मानव, अर्धा मत्स्य असा समुद्रदैत्य कोरला असून त्याच्या अंगातून द्राक्षवेलीचा वृक्ष उगवलेला दाखवला आहे. फर्डिनांडच्या मृत्यूनंतर १८८९ मध्ये शासनाने राजवाडा खरेदी केला. १९१० च्या क्रांतीच्या वेळी राणी आमेलिया येथेच होती आणि येथूनच ती निर्वासनाच्या वाटेला लागली. तिच्या वेळच्या दालनांची मांडणी जतन करून ठेवली आहे.

राजवाड्याइतकेच महत्त्व भोवतीच्या सुमारे २०० हेक्टर उपवनाला आहे. फर्डिनांडने काम हाती घेतले, तेव्हा हा डोंगर बराचसा उघडाबोडका आणि खडकाळ होता. उत्तर अमेरिकेतील सिक्वोया, जपानमधील क्रिप्टोमेरिया, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील वृक्षनेचे, पूर्व आशियातील कॅमेलिया अशा वनस्पती आणून त्याने येथे वन उभे केले. वाटा वळणावळणाच्या आखल्या आणि खडक होते तसेच ठेवले. त्यामुळे पाहणाऱ्याला हे वन निसर्गतःच वाढलेले वाटते. प्रत्यक्षात ते मानवनिर्मित आहे. उपवनाच्या पश्चिम भागात फर्डिनांड आणि त्याची दुसरी पत्नी, गायिका एलिसे हेन्सलर ऊर्फ एडलाची काउंटेस, यांनी बांधलेले टुमदार निवासस्थान आहे. १९९९ मध्ये ते आगीत जळाले. दीर्घ पुनर्बांधणीनंतर २०११ मध्ये पुन्हा खुले झाले.

मोन्सेराते

गावाच्या पश्चिमेस मोन्सेराते हा राजवाडा आणि उद्यान आहे. सोळाव्या शतकात येथे एक प्रार्थनामंदिर होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही मालमत्ता गोव्यात व्हाइसरॉय राहिलेल्या (१७०२–१७०७) कायतानो द मेलो इ कास्त्रो याच्याकडे आली. भूकंपानंतर वाडा निरुपयोगी झाला. शतकाच्या अखेरीस जेरार्ड द व्हिस्मे या व्यापाऱ्याने येथे नवगॉथिक धर्तीचे घर बांधले आणि त्यानंतर इंग्रज लेखक विल्यम बेकफर्ड काही काळ येथे राहिला. १८०९ मध्ये कवी बायरन आला तेव्हा वाडा ओस पडला होता.

१८५६ मध्ये फ्रान्सिस कुक या इंग्रज वस्त्रव्यापाऱ्याने ही जागा घेतली. वास्तुविशारद जेम्स नोल्स याच्या आराखड्यानुसार आजचा राजवाडा उभा राहिला. गॉथिक कमानी, मूर आणि भारतीय वास्तुकलेची आठवण करून देणारी जाळीदार कोरीव नक्षी आणि लाल घुमट हे त्याचे विशेष आहेत. उद्यानात वनस्पतींची मांडणी प्रदेशानुसार केली आहे. मेक्सिकोच्या कोरड्या प्रदेशातील निवडुंग व घायपात उन्हाच्या उतारावर, तर वृक्षनेचे ओलसर घळीत लावले आहेत. मुद्दाम ‘भग्न’ रूपात राखलेल्या एका प्रार्थनामंदिराला रबरवर्गीय वृक्षाच्या मुळांनी विळखा घातला आहे. १९४९ मध्ये शासनाने मोन्सेराते खरेदी केले.

इतर स्थळे

मूरांचा किल्ला : पेनाच्या शेजारच्या शिखरावरील या किल्ल्याची तटबंदी खडकांच्या चढउताराप्रमाणे वळत जाते. आतील पाण्याचे टाके आजही शाबूत आहे. एकोणिसाव्या शतकात फर्डिनांडने पडक्या भिंतींची डागडुजी केली व आत झाडे लावली. त्यामुळे आज दिसणारे किल्ल्याचे रूप काही अंशी त्या काळाच्या अभिरुचीचे आहे.

रेगालेइरा : ब्राझीलमध्ये जन्मलेल्या आंतोनियो आउगुस्तो कार्वाल्हो मोन्तेइरो या धनिकाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही हवेली आणि बाग उभारली. इटालियन वास्तुविशारद लुइजी मानिनी हा नाट्यगृहांसाठी नेपथ्यरचना करणारा कलावंत होता आणि त्याची छाप येथील कृत्रिम गुहा, भुयारे व मनोऱ्यांवर आहे. सुमारे २७ मीटर खोल, चक्राकार जिना असलेली ‘दीक्षा विहीर’ सर्वाधिक प्रसिद्ध आहे. नावात विहीर असली तरी ती पाण्यासाठी खोदलेली नाही. १९९७ मध्ये नगरपालिकेने ही मालमत्ता विकत घेतली.

कापुचोस मठ : १५६० मध्ये आल्वारो द कास्त्रो याने वडिलांच्या इच्छेनुसार फ्रान्सिस्कन साधूंसाठी हा मठ स्थापन केला. प्रचंड शिळांच्या आडोशाने बांधलेल्या त्याच्या खोल्या अतिशय लहान असून दारे वाकून प्रवेश करावा लागेल इतकी ठेंगणी आहेत. थंडी आणि ओल यांपासून संरक्षण म्हणून दारे व छते ओक वृक्षाच्या सालीपासून मिळणाऱ्या बुचाने मढवली होती. राजवाड्यांच्या या नगरीत निर्धनतेचे व्रत पाळणाऱ्यांची ही वास्तू वेगळी उठून दिसते.

भारताशी संबंध

कापुचोस मठाच्या स्थापकाचे वडील जुआंव द कास्त्रो हे भारतातील पोर्तुगीज सत्तेचे गव्हर्नर (१५४५ पासून) आणि अखेरच्या काळात व्हाइसरॉय होते. १५४६ मध्ये दीवचा वेढा त्यांनी उठवला. १५४८ मध्ये गोव्यात त्यांचे निधन झाले. सिंत्रा येथील ‘पेन्या व्हेर्दे’ (हिरवा खडक) ही मालमत्ता त्यांची होती.

पेन्या व्हेर्दे येथे भारतातून नेलेला एक संस्कृत शिलालेख होता. तो जुआंव द कास्त्रो यांच्या काळात सौराष्ट्रातून तेथे पोहोचला असे मानले जाते. जेम्स मर्फी यांच्या १७९५ मधील पोर्तुगाल-प्रवासवर्णनात त्याची माहिती आली असून पुढे गेओर्ग ब्यूलर यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे संपादन केले. ‘सिंत्रा प्रशस्ती’ या नावाने तो अभ्यासकांना परिचित आहे. गुजरातचा वाघेला राजा सारंगदेव याच्या कारकीर्दीतील हा लेख विक्रम संवत १३४३ (इ.स. १२८७) चा असून मूळचा सोमनाथ पाटण येथील आहे. पाशुपत पंथाचे आचार्य त्रिपुरांतक यांनी तेथे पाच देवालये बांधल्याचे त्यात नमूद आहे. त्यांच्या तीर्थयात्रेच्या वर्णनात केदार, प्रयाग, श्रीपर्वत आणि रामेश्वर यांच्यासह गोदावरीच्या उगमाजवळील त्र्यंबकाचाही उल्लेख येतो. मूळ जागेवरून हलविल्यामुळे हा लेख त्याच्या मंदिरांपासून तुटला. सिंत्राच्या बागा घडवण्यात वसाहतींतून आलेल्या वस्तूंचा जो वाटा होता, त्याचे हे ठळक उदाहरण आहे.

साहित्यात

लुईश द कामोंइश याच्या ‘उश लुझियादश’ (१५७२) या महाकाव्यात वास्को द गामाचे खलाशी मायदेश सोडताना सिंत्राच्या डोंगराकडे वळून पाहतात. बायरनच्या ‘चाइल्ड हॅरॉल्ड’मुळे हे नाव इंग्रजी वाचकांत सर्वतोमुखी झाले. एसा द केइरोश याच्या ‘उश मायाश’ (१८८८) या कादंबरीतील एक प्रकरण सिंत्राच्या सहलीवर आहे. डॅनिश लेखक हान्स क्रिस्टियन अँडरसन याने १८६६ मध्ये सिंत्राला भेट दिली होती.

खाद्यपदार्थ आणि मद्य

ताजे चीज, साखर, अंडी आणि दालचिनी यांचे सारण पातळ पारीत भरून भाजलेल्या ‘केइजादा’ हा सिंत्राचा परंपरागत गोड पदार्थ आहे. बदामाचे सारण भरलेला, उशीच्या आकाराचा ‘त्रावेसेइरो’ही लोकप्रिय आहे. जवळच्या कोलारेश येथे समुद्रकाठच्या वाळूत द्राक्षवेली लावतात. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा या किडीने युरोपातील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा वाळूत ही कीड टिकू न शकल्याने येथील वेली वाचल्या.

पर्यटन

लिस्बनच्या रोसियो स्थानकावरून सिंत्राला नियमित उपनगरी गाड्या असून प्रवासाला सुमारे ४० मिनिटे लागतात. स्थानकापासून जुना गाव पायी जाण्याच्या अंतरावर आहे. किल्ला आणि पेना येथे जाण्यासाठी बसगाड्या आहेत. डोंगरातून जाणाऱ्या पायवाटांनीही वर जाता येते, परंतु चढ तीव्र आहे. अरुंद रस्त्यांमुळे खासगी वाहनांवर निर्बंध घालण्यात आले आहेत. पेना राजवाड्याच्या अंतर्भागात वेळ नेमून दिलेल्या तिकिटावरच प्रवेश मिळतो. सर्व स्थळे एका दिवसात पाहणे शक्य होत नाही. पेना व किल्ला डोंगरावर, राष्ट्रीय राजवाडा व रेगालेइरा गावाच्या पातळीवर आणि मोन्सेराते व कापुचोस काहीसे दूर असल्याने त्यांची अशी विभागणी करून भेट देणे सोयीचे ठरते. कॅमेलियांचा बहर हिवाळ्यात असतो. उन्हाळ्यातही डोंगरावर वारा व धुके असू शकते. सिंत्राच्याच नगरपालिका क्षेत्रात, पण जुन्या गावापासून दूर, केलुश येथे अठराव्या शतकातील आणखी एक राजवाडा आहे.

संवर्धन आणि प्रश्न

येथील बहुतेक शासकीय उद्याने व राजवाडे यांची व्यवस्था २००० मध्ये स्थापन झालेली ‘पार्केश द सिंत्रा – मोंते दा लुआ’ ही सार्वजनिक भांडवलाची कंपनी पाहते. दुरुस्ती आणि संवर्धनाचा खर्च मुख्यतः प्रवेशशुल्काच्या उत्पन्नातून भागवला जातो. त्यामुळे ज्या गर्दीने वारशावर ताण येतो, तीच गर्दी त्याच्या जतनाला पैसाही पुरवते. पेना राजवाड्याला वर्षाला दहा लाखांहून अधिक लोकांनी भेट दिल्याची नोंद आहे. वाहतुकीची कोंडी आणि जुन्या गावातील रहिवाशांची होणारी गैरसोय हे स्थानिक पातळीवरील चर्चेचे विषय आहेत.

दुसरा प्रश्न वनाचा आहे. शोभेसाठी किंवा जमीन धरून ठेवण्यासाठी आणलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळींसारख्या काही वनस्पती बेसुमार पसरल्या असून स्थानिक ओक वृक्षांची जागा त्यांनी व्यापली आहे. अशी झाडे काढून मूळ जातींची लागवड करण्याचे काम सातत्याने करावे लागते. कोरड्या उन्हाळ्यात वणव्याचा धोका असतो. सप्टेंबर १९६६ मध्ये डोंगरावर पेटलेल्या वणव्यात आग विझवण्यासाठी गेलेले २५ सैनिक मृत्युमुखी पडले. जानेवारी २०१३ मधील वादळात उद्यानांतील असंख्य वृक्ष उन्मळून पडले. दीडशे वर्षांपूर्वी एकाच सुमारास लावलेली झाडे आता वृद्ध होत असल्याने त्यांच्या जागी नवी लागवड करणे हेही वारसा टिकवण्याच्या कामाचाच भाग मानले जाते.